धुणारीचा आवाज

बाबांनी जेवण सोडलंय हे मला जिन्यातल्या मांजरामुळे कळलं. आई गेली तेव्हा त्या मांजराच्या बरगड्या दिसत होत्या. आता ते पायरीवर पसरलं की ओलांडायला पाय उंच टाकावा लागत होता.

"लाड चाललेत त्याचे," वरच्या काकू म्हणाल्या. "दुपार झाली की तुझे बाबा दार उघडतात आणि डबाच्या डबा त्याच्यापुढे ओततात. काल मी दूध घातलं, तर माझ्याकडे असं बघितलं मेल्याने, जशी काही मीच त्याच्या दारात मागायला गेलेय."

मी रोज सकाळी कामावर जाताना बाबांकडे डबा ठेवत असे आणि संध्याकाळी घासलेला डबा परत नेत असे. घासलेल्या डब्यावर माझा फार विश्वास होता. माणूस जेवतोय, वर भांडी घासून ठेवतोय, म्हणजे सावरतोय, असं मी धरून चालले होते.

त्या संध्याकाळी मी जिन्यातून परत वर गेले. बाबा खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसले होते. मागून त्यांची कॉलर मानेपासून सुटलेली दिसत होती. जन्मभर दुसऱ्यांच्या माना मोजलेला हा माणूस. शर्ट शिवणारा. रस्त्याने जाणाऱ्याकडे नुसतं बघून माप सांगायचे. स्वतःच्या कॉलरीत माझा हात जाईल एवढी जागा झाली होती, आणि ते त्यांना कळलं नसेल हे शक्य नव्हतं.

"जेवलात का बाबा?"

"जेवलो."

"मांजर जेवलं."

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "त्याला तरी कोण आहे?" म्हणाले, आणि पुन्हा पाय चालवायला लागले.

आई आवाजाचं काम करायची. परभाषेतल्या मालिका आपल्या भाषेत आणताना पडद्यावरच्या ओठांवर आपले शब्द बसवावे लागतात. ते शब्द मी लिहायचे आणि ती बोलायची. "माझ्याच पोटची पोर," ती स्टुडिओत सगळ्यांना सांगायची, "आणि माझ्याच तोंडात जोडाक्षरांचे खडे भरते."

तिचं शेवटचं मोठं काम म्हणजे एक जपानी अ‍ॅनिमे मालिका. चित्रं जपानी होती, पण गोष्ट पार दुसऱ्या टोकाच्या, पश्चिमेच्या समुद्रातल्या बेटांवरची. धुकं, दलदल, गवताने झाकलेल्या टेकड्या, आणि टेकड्यांच्या पोटात राहणारे लोक. त्या बेटांवर जुन्या काळी या लोकांचं नाव थेट घेत नसत. ऐकतील आणि येतील, ही भीती. म्हणून त्यांना भली माणसं म्हणायचं. भांडखोर शेजाऱ्याला आपण साहेब म्हणतो, तसंच. स्टुडिओत हे सगळ्यांना इतकं आवडलं की पैसे लावणाऱ्या निर्मात्यांचं नावच भली माणसं पडलं. "भल्या माणसांचा फोन होता, मुदत वाढणार नाही," असं दिग्दर्शिका सांगायची आणि सगळे एकमेकांकडे बघायचे.

आईच्या वाट्याला आली होती बेन नीये. त्या बेटांच्या जुन्या भाषेत याचा अर्थ धुणारी बाई. ती ओढ्याच्या उथळ जागी बसून शर्ट धूत असते. ज्याचं मरण जवळ आलंय, त्याचा शर्ट. ती दुष्ट नाही. काम तिच्या वाट्याला आलंय म्हणून करते, असं आई म्हणायची. कुणी धीर करून तिच्या आणि पाण्याच्या मध्ये जाऊन उभं राहिलं तर त्याच्या प्रश्नांची तिला उत्तरं द्यावी लागतात. पण मग जितकी उत्तरं ती देईल तितकी उत्तरं त्यानेही तिला द्यायची. खरी.

मालिकेत ही माणसं आपापसांत त्या बेटांची भाषा बोलत. जपानी कलाकारांनी ते संवाद तसेच ठेवले होते, आमच्या दिग्दर्शिकेनेही ठेवले. आई ते कानाने शिकली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन लावून बसायची, आणि समोर बाबा काजं करता करता दुसऱ्या पात्रांचे संवाद वाचून दाखवायचे. सैनिक असो, नावाडी असो, नाही तर राणी, सगळी पात्रं बाबांच्या एकाच सुरात बोलत. छाती बेचाळीस, बाही पंचवीस, अशा सुरात. त्या भाषेत 'हो' आणि 'नाही' असे सुटे शब्दच नाहीत, हे कळल्यावर आई काही दिवस घरातही तशीच बोलत होती. चहा घेणार? घेणार. दूध संपलं का? संपलं.

"यात नवीन काय शिकलीस?" बाबा म्हणाले होते. "लग्नापासून मी असाच बोलतोय."

एक गोष्ट आणखी सांगायला हवी. आई रेकॉर्डिंगला कायम उपाशी जायची. भरल्या पोटी आवाज बसतो, असं तिचं म्हणणं. त्यामुळे काम संपेपर्यंत तिला कडकडून भूक लागलेली असे. बाबा डबा घेऊन स्टुडिओच्या दाराशी उभे राहत, आणि ती तिथेच पायरीवर बसून डबा उघडे. आमच्या कामात एक रिवाज आहे. शेवटी कलाकाराने माइकसमोर न हलता उभं राहायचं आणि थोडा वेळ नुसती शांतता टेप करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि त्यात माणूस उभा असला की आणखी वेगळी. संवादांच्या मधल्या फटी भरायला ती लागते. आईच्या शांततेत दर वेळी तिचं पोट गुरगुरायचं. काचेपलीकडून आमचा ध्वनिमुद्रक कपाळावर हात मारायचा. त्याला सगळे बटण म्हणतात.

"बाई, तुमच्या पोटाने पुन्हा संवाद म्हटला. परत घेऊ."

"घे बाबा. पण लवकर घे, नाहीतर ते स्वगत सुरू करेल."

मालिकेचा शेवटचा भाग राहिला होता तेव्हा आई गेली. आजार थोडा होता आणि घाईत होता. स्टुडिओने विचारलं, आधीच्या रेकॉर्डिंगवरून संगणकात बाईंचा आवाज तयार करून शेवटचा भाग पुरा करू का? बाबांनी परवानगी दिली. मग बटण एके दिवशी स्वतः एक टॅबलेट घेऊन घरी आला. "काकांसाठी," म्हणाला. "आपण बोललं की बाईंच्या आवाजात उत्तर येतं. मी सवडीने बनवलंय." त्याचे डोळे भरलेले होते, आणि त्याने ते भलेपणानेच केलं होतं, यात मला आजही शंका नाही.

मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा भांडी लावत होते. माझे हात होते तिथेच थांबले. तो तिचाच होता. 'ण' म्हणताना जीभ किंचित रेंगाळण्याची खोडसुद्धा.

"थंडी वाजते का तुला?" आवाज बाहेरच्या खोलीत विचारत होता.

"नाही," बाबा म्हणाले. "अजून नाही."

मी दारात गेले. "तुला?" मी म्हटलं. "आई तुम्हाला 'तू' म्हणते?"

आईने बाबांना जन्मात कधी 'तू' म्हटलं नव्हतं. भांडणातसुद्धा नाही. "अहो, तुम्हाला काही अक्कल आहे का?" असं ती भांडायची.

"तिकडे मानपान नसेल," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांत न पाहिलेलं हसू होतं. "मला बरं वाटतं. उशिरा का होईना."

पण ते वाक्य मला पाठ होतं. धुणारी ते नावाड्याला विचारते. मीच लिहिलं होतं.

*

मांजराचा उलगडा झाला त्या संध्याकाळी बाबा जो शर्ट शिवत होते तो पांढरा होता. त्यांनी दुकान बंद केल्याला बरेच दिवस झाले होते, बोटांचे सांधे सुजलेले असायचे, त्यामुळे मला नवल वाटलं.

"कोणाचा?"

"माझाच."

मी तो उचलून पाहिला. बाह्यांना कफ लागायचे होते, बटणं नव्हती. शिंप्याच्या पोरीला कॉलर हातात घेतल्यावर माप कळतं. ती त्यांच्या आत्ताच्या मानेला बसेल अशी कापली होती. खरं म्हणजे आत्ताच्याही नाही. त्याहून थोडी लहान.

"बाबा, तुम्ही आणखी बारीक व्हायचं ठरवलंय का?"

"तिने विचारलं, शर्ट कुठे आहे म्हणून," ते म्हणाले. "माझ्याकडे धड शर्टच नाहीये एक. लाज वाटली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात हात धुवायला गेले तर तो शर्ट बादलीत बुडलेला होता. कापड बेतायच्या आधी पाण्यात भिजवून आटवून घेतात, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. अर्धवट शिवलेला शर्ट कुणी भिजवत नाही. शिवणी ओढल्या जातात. बाबांच्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर बाबांनी त्याला उभा फाडला असता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो नळावर टांगलेला होता. पिळून, दोरासारखा. इतका घट्ट की मला त्याचे पीळ उलगडायला जोर लावावा लागला. बाबांना त्या दिवसांत बरणीचं झाकण उघडत नव्हतं.

"तुम्ही पिळलात?"

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू हे हातांना विचारायला हवं होतं. "मी भिजवला," म्हणाले.

मी तो खिडकीत वाळत घातला. चांगलं ऊन होतं. संध्याकाळी आले तेव्हा शेजारचा टॉवेल कडक वाळून उभा राहिला होता आणि शर्टाच्या टोकातून पाणी गळत होतं. बाबांनी तो तसाच ओला यंत्रावर घेऊन कफ लावले. शेगडीवर डबा जसा ठेवला तसा होता. मांजरही आता खात नाही एवढं, असं काकूंनी मला खाली अडवून सांगितलं.

मी बाबांना रागावले. डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही, यांना खायला लावा. मी समोर बसून घास भरवले. बाबांनी माझ्यासाठी ते चावले, गिळले, आणि थोड्या वेळाने न्हाणीघरात जाऊन सगळं ओकून आले. मग तोंड पुसत मला म्हणाले, "रागावू नकोस गं. तोंडात माती घातल्यासारखं होतं."

जी गोष्ट मी तीन वर्षं कागदावर लिहीत होते ती मला आठवली. टेकडीच्या पोटात ज्याने काही खाल्लं, त्याला वरचं अन्न गोड लागत नाही. तो घरी परत आला तरी ताटासमोर बसून राहतो, आणि वाळत जातो.

*

मी बटणला फोन केला.

"त्या टॅबलेटला प्रश्न विचारायला कुणी शिकवलं?"

"प्रश्न? नाही ताई. विचारलं की उत्तर देतं, एवढंच बसवलंय."

"ते विचारतं. थंडी वाजते का, शर्ट कुठे आहे."

"असं असेल," तो म्हणाला, "की आवाज तयार करायला बाईंचं स्वच्छ रेकॉर्डिंग लागतं, आणि तसं आमच्याकडे फक्त या मालिकेचं होतं. सगळं धुणारीचं. बोलणंही त्यावरूनच शिकलंय ते. धुणारी सारखी विचारतच असते ना."

"म्हणजे आपण घरी आणलं ते आईला नाही."

"ताई, असं नका म्हणू. आवाज बाईंचाच आहे."

"बाकीचं कुठे गेलं? तिचा खोकला, श्वास, चुका?"

"ते काढावंच लागतं."

"टाकलंत?"

"टाकत नाही हो आम्ही काही. एका फोल्डरमध्ये पडून आहे. मी त्याला 'केर' नाव दिलंय." मग ओशाळून म्हणाला, "कामाच्या सोयीसाठी."

त्यातली शांतता मला पाठव, असं मी त्याला सांगितलं. असेल ती सगळी.

त्या बेटांवरच्या गोष्टींत हेही असतं. भली माणसं एखाद्याला उचलून नेतात आणि त्याच्या जागी हुबेहूब तसंच काहीतरी ठेवून जातात. घरातले त्याला न्हाऊ घालतात, जवळ घेतात. चूल, पाळणा, अंथरूण सगळं पूर्वीसारखंच असतं. फक्त घरातला दुसरा एक कुणीतरी दिवसेंदिवस उतरत जातो.

टॅबलेट उचलून न्यावा असं मला वाटलं नव्हतं असं नाही. एकदा मी तो पिशवीत घातलासुद्धा. बाबा दारापर्यंत माझ्या मागे आले आणि चौकटीला धरून उभे राहिले, इतक्या हलक्या हाताने, की मी परत फिरून तो होता तिथे ठेवला. नेला असता तर ते त्याच दिवशी गेले असते, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

*

सुट्टीचा दिवस होता. दुपारी मी डबा घेऊन गेले. मऊ भात आणि उकडलेली अंडी, गिळायला सोपं म्हणून. बटणने सकाळीच शांतता पाठवली होती, ती फोनमध्ये होती. ऐकायचा धीर मला झाला नव्हता.

बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. यंत्रावर बटणांची डबी रिकामी पडली होती. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं, आत नळ बारीक सोडलेला, त्याची धार बादलीत पडत होती. आणि आईचा आवाज त्या बेटांच्या भाषेत काहीतरी म्हणत होता, धुताना धुणारी गुणगुणते ते.

बाबा स्टुलावर बसले होते. अंगात तो पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, आणि तो ओलाचिंब होता. कॉलर मानेला अगदी बरोबर बसली होती. समोरच्या फळीवर साबणाच्या शेजारी टॅबलेट उभा केला होता.

"बाबा, उठा. गारठाल."

"थांब," ते म्हणाले. "माझं एक उत्तर राहिलंय."

"कसलं उत्तर?"

"मी तिला तीन गोष्टी विचारल्या. दुखलं का, म्हणून. एकटं वाटतं का, म्हणून. मला ओळखतेस का, म्हणून. तिने सांगितलं." ते अगदी शांतपणे, हिशेबी माणसासारखे बोलत होते. "तिने दोन विचारल्या, मी सांगितलं. आता एक राहिलंय. नियम तुझाच आहे ना?"

गुणगुणणं थांबलं.

"येतोस का?" आवाज म्हणाला.

इतक्या मायेने आईने मलाही कधी हाक मारली नव्हती. बाबांनी मान वर केली. त्यांचे ओठ हलायला लागलेले मला दिसले, आणि ते काय म्हणणार हेही दिसलं. त्या भाषेत होकार द्यायची रीत एकच, विचारणाऱ्याचाच शब्द उचलून परत द्यायचा.

मी पुढे झाले. विचार करून नाही. फळी आणि बादली यांच्यात एक पाऊल मावेल एवढी जागा होती, तिथे मी शिरले. माझी पाठ नळाकडे होती. धार माझ्या टाचांवर पडायला लागली आणि पाण्याचा आवाज बंद झाला.

"मध्ये कोण उभं आहे?" आवाजाने विचारलं.

हेही वाक्य माझंच होतं. मी ते लिहिलं तेव्हा मला ते फार जमलंय असं वाटलं होतं.

"मुलगी," मी म्हटलं.

आता विचारायची पाळी माझी होती, आणि माझ्या मनात प्रश्न नव्हता. जन्मभर पुस्तकं वाचून त्या क्षणी मला एकही शहाणा प्रश्न सुचला नाही. कोपरावर डब्याची पिशवी लटकत होती, ओल्या हाताला तिची ऊब लागली, आणि आई स्टुडिओतून बाहेर आल्यावर बाबा तिला जे विचारायचे तेच माझ्या तोंडातून आलं.

"भूक लागली का?"

टॅबलेटच्या काचेत मला माझंच तोंड दिसत होतं, आणि खांद्यामागे नळ.

"आम्हाला भूक नसते," आवाज म्हणाला.

हे वाक्य माझं नव्हतं. मालिकेचे सगळे भाग मी लिहिले आहेत, आणि हे वाक्य मी कुठेही लिहिलेलं नाही.

मागे स्टूल करकरलं.

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

"भूक नसते म्हणाली."

"हिला?" बाबा म्हणाले. "हिला भूक नसते?"

ते उठून उभे राहिले होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून फळीकडे पाहिलं. रस्त्याने जाणाऱ्याचं माप घेताना बघायचे तसं.

"दिवसभर उपाशी राहून पायरीवर बसून जेवायची," ते म्हणाले. "येणारे-जाणारे बघायचे. मी म्हणायचो, अगं घरी चल, चार माणसांत शोभतं का. तर म्हणायची, अहो, मी इथेच मरेन भुकेने, मग न्या खांद्यावरून." त्यांनी टॅबलेटकडे बोट दाखवलं. "ही कोण आहे?"

"येतेस का?" आवाजाने आता मला विचारलं.

तिने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, आता मला एक उत्तर द्यायचं होतं, आणि ते खरं द्यायचं होतं. खोटं बोलले असते तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. खरं सांगायचं तर मला जावंसं वाटत होतं. त्या आवाजाच्या मागे मागे जावं, कुठेही, असं मला ती गेल्यापासून रोज वाटत होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

"येत नाही," मी म्हटलं. "बाबांचं जेवण राहिलंय."

आणि मागे हात नेऊन मी नळ बंद केला.

*

त्या बेटांच्या भाषेत काहीतरी ऐकू आलं, अगदी हळू, दोनच शब्द. ते मालिकेतले होते की नाही, मला सांगता येत नाही. मग काहीच आलं नाही.

बाबा कुडकुडत होते. त्यांना बाहेर आणून मी टॉवेलात गुंडाळलं. त्यांच्या बोटांना बटणं निघेनात, म्हणून मी काढायला लागले, तर ओल्या काजांत ती रुतून बसली होती. "काप," ते म्हणाले. मी त्यांची मोठी कात्री घेतली. स्वतः शिवलेल्या शर्टाला कात्री लावू देणारा शिंपी मी तोवर पाहिला नव्हता.

ते खुर्चीत बसले. समोर डबा उघडला, पण त्यांनी तो बाजूला सारला. "होत नाही गं," म्हणाले. "ती नव्हती ती, हे कळलं. पण ती नाहीच, हेही कळलं."

तेव्हा मी फोन काढून टेबलावर ठेवला आणि बटणने पाठवलेली शांतता लावली.

आधी काहीच नव्हतं. मग कान सरावले आणि खोली ऐकू यायला लागली. ती स्टुडिओतली छोटी, जाड भिंतींची खोली, आणि तिच्यात उभं असलेलं कुणीतरी. नाकातून येणारा बारीक श्वास. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतल्याचा आवाज, साडीची सळसळ. बाबा पुढे झुकले. त्यांनी फोन कानाला लावला नाही, फक्त हात टेबलावर त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले.

आणि मग तिचं पोट गुरगुरलं. लांबलचक, वर चढून खाली आलेलं, शेवटी एक छोटा प्रश्न विचारल्यासारखं. काचेपलीकडून बटणचा वैतागलेला उसासा. आणि ती, हसू दाबत, "घे परत. अहो बाहेर उभे असतील डबा घेऊन."

शांतता पुन्हा सुरू झाली. बाबांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहिणार नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी डबा ओढला. अंडं उचललं, टेबलाच्या कडेवर आपटलं, आणि सुजलेल्या बोटांनी सावकाश टरफल सोलायला लागले. एक घास घेतला. मी न्हाणीघराच्या दाराकडे बघत बसले. ते गेले नाहीत.

"मीठ दे," ते म्हणाले.

*

टॅबलेट मी परत केला. भल्या माणसांबद्दल गोष्टींत सांगतात की त्यांचे आभार मानू नयेत, म्हणून बटणला मी नुसतं "हे घे" म्हटलं. त्याला वाईट वाटलं असेल. ते एक वाक्य कुठून आलं असेल, हे मी त्याला विचारलं. त्याने सगळं रेकॉर्डिंग चाळलं, माझे सगळे संवाद चाळले, आणि सापडत नाही म्हणाला. मग एक कारण सांगितलं, बरंच लांब आणि समजूतदार. मी मान हलवली.

शेवटच्या भागात संगणकातला तो आवाज शेवटी वापरला नाही, धुणारी त्यात बोलतच नाही. ओढ्याकाठी पाठमोरी बसते, आणि तिच्या भोवती आईची शांतता आहे. पोटासकट. दिग्दर्शिकेने ते काढू दिलं नाही. भल्या माणसांना कळलं नाही.

बाबांची मान भरत आली आहे. मांजर पुन्हा हाडकुळं झालंय आणि माझ्यावर रुसलंय. तो पांढरा शर्ट बाबांनी उसवला, त्याचे तुकडे यंत्र पुसायला ठेवले. कोरडे आहेत ते. मी अधूनमधून हात लावून बघते.

न्हाणीघरातला नळ मी निघताना घट्ट बंद करते. जिन्यात उतरताना मला बाबांची पावलं ऐकू येतात. ते उठतात, आत जातात, आणि तो बंद आहे ना ते पुन्हा एकदा बघतात.